पेस्ट का होत नाही? विम, चार अभाव आणि आमची खाचरं

मागे बसलेल्यांपर्यंत आवाज पोचतोय ना? बाहेर पुणे-सातारा हायवे आहे, त्यामुळे एखादा ट्रक गेला की मी थांबेन. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांनी आणि नंतर वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

मागच्या व्याख्यानात आपण ‘अभाव’ या पदार्थावर बोललो. ‘नसणं’ हीसुद्धा जगातली एक गोष्ट आहे आणि तिचं ज्ञान होतं, असं आपल्याकडचे नैयायिक का म्हणतात, ते पाहिलं. संपल्यावर कॉलेजात जाणारा एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, छान होतं, पण याचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त होता. चाळीसेक वर्षं शिकवताना हा प्रश्न मी टाळत आलो. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. तर आज तो उपयोग. विषय आहे कॉम्प्युटरवरचं कॉपी-पेस्ट. तेही साधं नाही, विम नावाच्या एडिटरमधलं.

हसू नका. या विषयात माझं नुकसान झालेलं आहे.

आमचे थोरले बंधू, अण्णा, इथेच किकवीत शेती करायचे. मी शिकायला पुण्याला गेलो आणि तिकडचाच झालो. निवृत्तीनंतर पुन्हा येणं-जाणं वाढलं, तेव्हा ठरवलं की अण्णांच्या आठवणी उतरवून घ्यायच्या. ते पडवीत बसून बोलायचे, मी टाइप करायचो. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने त्यावर लिनक्स घातलं आणि म्हणाला, ‘काका, हे मशीन आता म्हातारं झालंय, तुम्ही विममध्ये लिहा, हलकं आहे.’ मशीनबद्दल बोलत होता असं मी धरून चाललो.

एक दिवस अण्णांनी आमच्या भातखाचरांची नावं सांगितली. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो. घरात मात्र प्रत्येक तुकड्याला नाव असतं, आणि त्या नावामागे काहीतरी घडलेलं असतं. कुठल्या बांधावरून पाण्याची वहिवाट, विहीर कुणी खणली, कुठली वाटणी कुणाच्या भांडणात पडली, असे चौदा परिच्छेद झाले, साधारण नऊशे शब्द. संध्याकाळी मला वाटलं, हा भाग वेगळ्या फाइलमध्ये हवा. मी तो निवडला, डी दाबून कापला, फाइल सेव्ह केली, विम बंद केलं. दुसरी फाइल उघडली आणि पी दाबलं.

तिथे आली दोन दिवसांपूर्वीची किराण्याची यादी. तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे, कपड्यांचा साबण.

पहिली फाइल उघडून पाहिली. त्यात तो भाग नव्हता, कारण तो मीच कापला होता आणि कापून सेव्ह केलं होतं. घाबरून मी आणखी दहा बटणं दाबली. त्याच आठवड्यात अण्णांना दवाखान्यात न्यावं लागलं. पुन्हा एकदा सांगा, असं म्हणायची वेळ आली नाही. ते गेले.

हे का घडलं ते मला दोन महिन्यांनी कळलं. तिथपर्यंत आज जायचं आहे, पण सरळ गेलो तर तुम्हाला फक्त माझीच चूक समजेल, तुमची समजणार नाही.

आधी ‘मोडल’ म्हणजे काय ते बघू. मराठीतला ‘कर’ हा शब्द घ्या. ‘काम कर’, ‘घरपट्टीचा कर’, ‘कर जोडून’. अक्षरं तीच, अर्थ तीन. कुठला घ्यायचा हे वाक्य ठरवतं. विममध्ये बटणांचं तसं आहे. लिहिण्याच्या मोडमध्ये, म्हणजे इन्सर्ट मोडमध्ये, वाय दाबलं की वाय उमटतो. एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये आलात की तेच वाय म्हणजे आज्ञा होते: ‘याची प्रत घे.’ विमच्या भाषेत त्याला यँक म्हणतात. डी म्हणजे काप, पी म्हणजे इथे ठेव. दोनदा वाय दाबलं की पूर्ण ओळीची प्रत. तिसरा एक व्हिज्युअल मोड आहे, त्यात मजकूर निवडता येतो.

हे असं विचित्र कुणी केलं? बिल जॉय यांनी, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, १९७६ च्या सुमारास. त्यांच्या एडिटरचं नाव व्हीआय. तेव्हा टर्मिनल आणि मोठं मशीन यांच्यामधली तार इतकी मंद होती की पडद्यावर अक्षरं मोजत मोजत यायची. माउस नव्हता. थोड्या बटणांत जास्तीत जास्त काम काढायचं, म्हणून एका बटणाला दोन अर्थ. पुढे नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती केली, ती विम. १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वारेपर्यंत ते तिच्यावर काम करत होते. विम फुकट आहे. उघडल्यावर पहिल्या पानावर युगांडातल्या मुलांना मदत करा अशी विनंती दिसते, ती त्यांचीच.

आता गंमत ऐका. कट-कॉपी-पेस्ट ही कल्पना आज आपण ज्या रूपात वापरतो, ती घडवली लॅरी टेस्लर यांनी, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात, टिम मॉट या सहकाऱ्याबरोबर, १९७० च्या दशकाच्या मध्यात. आणि हे टेस्लर मोडचे कट्टर शत्रू होते. माणसाने बटण दाबावं आणि त्याचा अर्थ नेहमी एकच असावा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’ असं लिहिलेलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते वारले. म्हणजे विममध्ये कॉपी-पेस्ट करणारा माणूस दोन विरोधी संप्रदायांच्या मधे उभा असतो. कल्पना मोडच्या शत्रूची, घर मोडच्या भक्ताचं. भांडण होणारच.

आता मूळ तक्रार. ‘पेस्ट होत नाही.’ म्हणजे काय होत नाही? पी दाबल्यावर हवं ते दिसत नाही. हे झालं न दिसणं. न दिसणं आणि नसणं एक नव्हे. मीमांसकांपैकी कुमारिल भट्टांची परंपरा ‘अनुपलब्धी’ला स्वतंत्र प्रमाण मानते. जमिनीवर मडकं दिसत नाही, यावरून मडकं नाही हे कळतं. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण एका अटीवर दोघं सारखीच खबरदारी घेतात. न दिसणं ‘योग्य’ असलं पाहिजे. म्हणजे मडकं तिथे असतं तर ते दिसलंच असतं, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत मडकं दिसलं नाही, यावरून ते नाही असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावा.

विममधला दिवा असा आहे. एस्केप दाबा, मग कोलन, मग आर, ई, जी ही तीन अक्षरं, आणि एंटर. पडद्यावर यादी येते. तिला रजिस्टरं म्हणतात.

इथे बायकांना माझ्याआधी समजेल. आपल्याला सवय आहे एका डब्याची: कॉपी केलं की डब्यात, पेस्ट केलं की डब्यातून. विमकडे एक डबा नाही, मिसळणाचा डबा आहे. आत वाट्या. ए ते झेड अशा सव्वीस वाट्या नावाच्या, शून्य ते नऊ अशा दहा आकड्यांच्या, आणखी काही खास. तुम्ही काही न सांगता वाय दाबलं तर ते शून्याच्या वाटीत पडतं. ओळी कापल्या तर एकच्या वाटीत पडतात आणि आधी एकमध्ये होतं ते दोनमध्ये सरकतं, दोनमधलं तीनमध्ये. नुसतं पी दाबलं की शेवटी ज्या वाटीत काही पडलं तिच्यातलं येतं. ठरावीक वाटी हवी असेल तर आधी डबल कोट, मग वाटीचं नाव, मग वाय किंवा पी. माझा नेम असा झालाय की पेस्ट फसलं की दुसरं कुठलंही बटण दाबण्याआधी ही यादी बघायची. मी त्या संध्याकाळी दहा बटणं दाबली, त्यांतलं एकही हे नव्हतं.

दिवा लावला. आता खरोखरच नाही असं दिसलं, तर ते नसणं कुठल्या जातीचं? मागच्या वेळी अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहातले चार अभाव पाहिले होते. प्रागभाव, म्हणजे मडकं घडण्याआधीचं त्याचं नसणं. प्रध्वंसाभाव, फुटल्यानंतरचं नसणं. अत्यंताभाव, कधीच नसणं, जसा वाऱ्याला रंग नसतो. आणि अन्योन्याभाव, म्हणजे मडकं हे कापड नव्हे. माझा अनुभव असा की विममधल्या पेस्टच्या जवळपास सगळ्या तक्रारी या चार कप्प्यांत बसतात.

प्रागभावाचं कारण आपल्या मराठी लिहिणाऱ्यांचं अगदी खास आहे. कॉपी फसलेलंच नसतं, ते घडलेलंच नसतं. मी इनस्क्रिप्टने टाइप करतो, १९९१ च्या भारतीय मानकातली मांडणी. तिच्यात वायच्या बटणावर ब आहे, पीच्या बटणावर ज, आणि डीच्या बटणावर पाय मोडायची खूण. मराठी चालू असताना एस्केप दाबून मी दोनदा वाय दाबतो, तेव्हा विमला ऐकू येतं ‘बब’. त्याच्या शब्दकोशात बब नाही. ते फार तर एक टुक आवाज करतं आणि गप्प बसतं. मी समजतो कॉपी झालं. पुढे ज दाबतो, काही होत नाही, आणि मी म्हणतो पेस्ट बिघडलं. दिवा लावायला जावं तर कोलनच्या जागी छ उमटतो!

यावर उपाय दोन. एक, एस्केपबरोबर भाषा इंग्रजी करायची सवय. वयाच्या सत्तरीनंतर ही सवय लागत नाही, मी करून पाहिलं. दुसरा, भाषा बदलायचं काम कॉम्प्युटरकडून काढून विमलाच द्यायचं. त्या सोयीला कीमॅप म्हणतात. कॉम्प्युटर कायम इंग्रजीत ठेवायचा. कीमॅप लिहिण्याच्या मोडमध्ये लागू होतो, त्यामुळे तिथे मराठी उमटते आणि एस्केप दाबलं की वाय हा वायच राहतो. मधेच इंग्रजी शब्द लिहायचा तर कंट्रोल आणि सहा. कीमॅपची फाइल म्हणजे साधी दोन रकान्यांची यादी असते, कुठल्या बटणाला कुठलं अक्षर. माझी पुतण्याने करून दिली.

अन्योन्याभावाकडे येऊ. विममध्ये कॉपी केलं आणि ब्राउझरमध्ये पेस्ट केलं, आलं नाही. किंवा उलट. इथे कुणीच काही हरवलेलं नसतं. विमची वाटी ही कॉम्प्युटरचा क्लिपबोर्ड नव्हे, एवढंच. त्या क्लिपबोर्डसाठी वेगळी वाटी आहे, तिचं नाव अधिक, म्हणजे प्लस. डबल कोट, प्लस, वाय दाबलं की प्रत बाहेरच्या जगात जाते. डबल कोट, प्लस, पी दाबलं की बाहेरची आत येते. लिनक्सवर आणखी एक वाटी असते, चांदणीची, स्टार. माउसने नुसतं निवडलेलं तिच्यात असतं आणि माउसचं मधलं बटण दाबलं की ते चिकटतं. विंडोज आणि मॅकवर प्लस नि स्टार एकच. रोज रोज प्लस दाबायचा कंटाळा असेल तर सेटिंगमध्ये क्लिपबोर्ड इक्वल-टू अननेम्डप्लस लिहा, शेवटचे दोन शब्द जोडून. मग साधं वायसुद्धा बाहेर जातं. मी ते लिहिलेलं नाही. मला आतलं आत आणि बाहेरचं बाहेर बरं वाटतं.

हं, विचारा. — प्रश्न असा आहे की कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही का चालत नाही. कारण विममध्ये त्यांना आधीपासून दुसरी कामं आहेत. कंट्रोल-सी म्हणजे ‘चाललंय ते थांबव’. नॉर्मल मोडमध्ये कंट्रोल-व्ही म्हणजे उभा चौकोन निवडणं. तुम्हाला टर्मिनलची पेस्ट हवी असेल तर बहुतेक लिनक्स टर्मिनलांत कंट्रोल-शिफ्ट-व्ही. आणि माउसने निवडून राइट-क्लिक कॉपी होत नसेल, तर विमने माउस स्वतःकडे घेतलेला असतो. शिफ्ट दाबून धरा आणि मग निवडा.

याच कप्प्यात एक मराठी दुखणं. जुन्या डीटीपी फाइलमधला मराठी मजकूर कॉपी केला आणि विममध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पेस्ट अगदी बरोबर झालेलं असतं. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत काम चालायचं. त्यात फाइलमध्ये साठवलेला असतो इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि फाँट त्याला देवनागरीचं चित्र नेसवतो. विम चित्र घेत नाही, मजकूर घेतो. नेसू उतरलं की आत काय होतं ते दिसतं. अ चं चित्र म्हणजे अ नव्हे, हा शुद्ध अन्योन्याभाव. तिथे विमशी भांडू नका. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा.

अत्यंताभाव लवकर आटपतो. तुम्ही प्लसची वाटी वापरता, नियमाप्रमाणे वापरता, तरी शून्य. तेव्हा टर्मिनलमध्ये विम लिहून पुढे दोन आडव्या रेघा आणि व्हर्जन असं विचारा. लांबलचक यादी येईल, तिच्यात क्लिपबोर्ड हा शब्द शोधा. त्याच्यापुढे अधिक असेल तर ठीक. वजा असेल, तर तुमच्या विमला ती वाटी बनवतानाच दिलेली नाही. वाऱ्याला रंग नाही, तुम्ही कितीही डोळे ताणा. उबुंटूवर साधं विम नावाचं पॅकेज असं असतं. तिथे विम-जीटीके-३ हे पॅकेज घाला. निओविम वापरणाऱ्यांना एक्सक्लिप किंवा डब्ल्यूएल-क्लिपबोर्डसारखा एक मदतनीस प्रोग्रॅम वेगळा घालावा लागतो. आणि एसएसएचने दूरच्या मशीनवर गेला असाल तर तिथल्या विमचा क्लिपबोर्ड तिथला, तुमच्या टेबलावरचा नव्हे.

आता प्रध्वंस. होतं, आणि नष्ट झालं. अन्नंभट्टांनी या दोन अभावांतला फरक फार थोडक्यात सांगितलाय: प्रागभावाला सुरुवात नाही पण शेवट आहे, प्रध्वंसाला सुरुवात आहे पण शेवट नाही. मडकं घडलं की त्याचं आधीचं नसणं संपतं. फुटल्यावरचं नसणं संपत नाही.

सगळ्यात साधा प्रध्वंस असा. मी बऱ्याच ठिकाणी ‘विहिर’ असं चुकीचं लिहिलं होतं. एके ठिकाणी ‘विहीर’ नीट लिहिलं, त्याची प्रत घेतली, पहिली चूक निवडली, पी दाबलं. दुरुस्त झाली. दुसरी चूक निवडली, पी दाबलं, आणि तिथे पुन्हा ऱ्हस्व ‘विहिर’! कारण पहिल्या वेळी जो चुकीचा शब्द हटवला गेला, तो फेकला नाही गेला. तो नुसत्या पीच्या वाटीत जाऊन बसला आणि बरोबर शब्दाला त्याने बाहेर काढलं. विममध्ये कापणं म्हणजेसुद्धा कॉपीच, हे ज्याला कळलं नाही त्याला वाटतं मशीनला भूत लागलंय. पण दिवा लावून बघा: शून्याच्या वाटीत ‘विहीर’ अजून तशीच आहे. शून्यात फक्त वायने घेतलेलं जातं, कापलेलं जात नाही. म्हणून डबल कोट, शून्य, पी. दर वेळी बरोबर शब्द येईल. विमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत निवडलेल्या शब्दावर कॅपिटल पी दाबलं तरी चालतं, ते वाटी खराब करत नाही. आणि खरोखर फेकायचंच असेल तर डबल कोट, अंडरस्कोर, डी. या वाटीला बूड नाही, ब्लॅक होल म्हणतात तिला. म्हणजे हा प्रध्वंस वाटतो तेवढा खरा नसतो, शोधलं तर सापडतं.

दुसरा जास्त खरा आहे. लिनक्सच्या जुन्या एक्स खिडकी-व्यवस्थेत तुम्ही विममधून प्लसमध्ये कॉपी करता, तेव्हा मजकूर कुठेही जात नाही. तो विमकडेच राहतो. विम फक्त जाहीर करतं की हे माझ्याकडे आहे, ज्याला हवं त्याने मागावं. दुसरा प्रोग्रॅम पेस्ट करतो तेव्हा मागणी येते आणि विम त्या क्षणी देतं. ही हुंडी झाली. पेढी उघडी आहे तोवर पैसे मिळतील. तुम्ही कॉपी करून विम बंद केलंत आणि मग दुसरीकडे पेस्ट करायला गेलात, तर पेढीच बंद. काही डेस्कटॉपांवर क्लिपबोर्ड मॅनेजर असतो, तो हुंडी आधीच वटवून ठेवतो, म्हणून तुम्हाला हे कधी जाणवलं नसेल. कंट्रोल-झेडने विम झोपवलंत तर आणखी मजा. पेढी उघडी, पण मुनीम झोपलेला, आणि समोरचा प्रोग्रॅम ताटकळत.

आणि तिसरा, माझा. विम बंद करताना वाट्या एका फाइलमध्ये लिहून ठेवतं, विमइन्फो नावाच्या. निओविममध्ये तिला शाडा म्हणतात. पुढच्या वेळी उघडल्यावर त्या वाट्या परत भरल्या जातात, म्हणून एका फाइलमधून कापून, विम बंद करून, दुसरी उघडून पेस्ट करणं एरवी जमतं. मला कित्येकदा जमलं होतं, त्यामुळेच मी बेसावध होतो. पण त्या लिहून ठेवण्याला दोन मर्यादा आहेत, मुद्दाम बदलल्या नाहीत तर. एक, दर वाटीतल्या पहिल्या पन्नासच ओळी. दुसरी, वाटीतला मजकूर दहा किलोबाइटपेक्षा मोठा असेल तर ती वाटी अजिबात लिहायची नाही. अर्धी नाही, थोडी नाही, अजिबात नाही. आणि सांगायचंही नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पहिली मर्यादा नडते, कारण त्याच्या ओळी पुष्कळ आणि आखूड. त्याचं शेपूट तुटतं, ते दिसतं तरी. आपण गद्य लिहिणारे एका परिच्छेदाची एकच लांब ओळ करतो. माझ्या ओळी चौदाच होत्या. मला दुसरी नडली. आणि ती मराठीला इंग्रजीपेक्षा फार लवकर नडते. युटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, प्रत्येकी तीन. दहा किलोबाइट म्हणजे १०,२४० बाइट. इंग्रजीत दहा हजार अक्षरं बसतात, मराठीत सुमारे ३,४००. शब्दांत म्हणाल तर पाच-सहाशे. माझे होते नऊशे.

म्हणजे विम बंद करताना एकची वाटी, अण्णांची वाटी, मोठी म्हणून सोडून दिली गेली. शून्याच्या वाटीत दोन दिवसांपूर्वी वायने घेतलेली किराण्याची यादी होती, ती लहान, ती नीट लिहिली गेली. नवीन विमने पीला उत्तर म्हणून जे शिल्लक होतं ते दिलं. सेव्ह करून बंद केल्यामुळे विमची तात्पुरती स्वॅप फाइलही पुसली गेली होती, आणि अनडूची साखळी विम बंद होताच तुटते. पुतण्याने हे सगळं माझ्यासमोर पुन्हा करून दाखवलं, दुसऱ्या कुठल्या तरी नऊशे शब्दांवर. तो माझ्याकडे बघत नव्हता. वडील त्याचे होते.

आता तुमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये काय लिहायचं ते. विमइन्फोच्या ओळीत एस आणि पुढे दहा असतं, तिथे एस हजार करा. लहान चिन्ह आणि पन्नास असतं, तिथेही हजार करा. वेगळ्या ओळीवर सेट अनडूफाइल लिहा. ही सोय विममध्ये २०१० च्या ७.३ आवृत्तीपासून आहे. मग विम बंद करून दुसऱ्या दिवशी उघडलं तरी यू दाबून मागे जाता येतं. हे एक तेव्हा लिहिलेलं असतं तर बाकी काही लागलं नसतं. आणि दोन फाइलींत देवघेव करायची असेल तर विम बंदच करू नका. कोलन, ई, दुसऱ्या फाइलचं नाव. वाट्या जशाच्या तशा हातात राहतात, तिथे दहा किलोबाइटची अट नाही. मोठा तुकडा हलवताना मी आता कापत नाही. आधी वाय, तिकडे पी, सेव्ह, डोळ्यांनी पाहणं, आणि मग इकडे येऊन डी.

एक राहिलंच, चार अभावांत न बसणारं. टर्मिनलमधून पेस्ट केल्यावर प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा थोडी उजवीकडे सरकते, जिन्यासारखी. तिथे काही नाहीसं होत नाही, उलट जास्तीचं येतं. जुन्या विमला वाटतं तुम्हीच बोटांनी टाइप करताय, म्हणून ते प्रत्येक ओळीला समास जोडून देतं. पेस्ट करण्याआधी कोलन सेट पेस्ट, नंतर कोलन सेट नोपेस्ट. किंवा सरळ प्लसच्या वाटीतून घ्या. नैयायिक या जास्तीच्या समासाला कुठल्या पदार्थात घालतील यावर मी विचार केला, उत्तर मिळालं नाही.

बोला, शेवटचा प्रश्न. — खाचरांच्या नावांचं पुढे काय झालं?

पुतण्या, मी आणि शेजारच्या वावराचे एक वयस्कर गृहस्थ, असे आम्ही तिघं एका सकाळी बांधाबांधाने फिरलो. त्यांना बरीच नावं माहीत होती, दोन तर अण्णांनी मला सांगितली होती त्यापेक्षा वेगळी. तीही लिहून घेतली, दोन्ही रूपं शेजारी शेजारी. विहिरीची हकिकत अर्धीच मिळाली. ओढ्याकडच्या दोन खाचरांची नावं तिघांपैकी कुणालाच आठवली नाहीत. फाइलमध्ये त्या जागी मी सध्या गट नंबर लिहून ठेवले आहेत.